उरलेल्या भाकरीला पेंडीची जोड: मार्केट यार्डाकडचं एक खाद्यदुकान

सोलापुरात हैदराबाद रोडला मार्केट यार्डाच्या कडेनं पेंडी-भुशाची दुकानं आहेत. त्यांतल्या एका दुकानात कोंबड्यांसाठी धान्य मागितलं की मालक आधी विचारतात, "घरात रोजचं काय उरतं?" मला ते दुकान आवडतं ते ह्या एका प्रश्नासाठी. बाकी कौतुक करावं असं तिथं फार काही नाही. दुकानाला पाटी नाही, बसायला जागा नाही, दारातच सरकी पेंडीची थप्पी आणि आत शिरलं की नाकात भुसा. तरीही परसात पाच-दहा कोंबड्या ठेवणाऱ्या कुणी विचारलं, की सोलापुरात नीट खाद्य कुठं मिळतं, तर मी तिथंच पाठवते. पाठवताना काय घ्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही हेही सांगते. दर वेळी तोंडी सांगून दमले, म्हणून आता लिहून काढते.

माझं घर जुळे सोलापुरात. मी डबे करते. कॉलेजची पोरं, बँकेतले दोघं-तिघं, एक एकटे राहणारे आजोबा अशी गिऱ्हाइकं. रोज भाकरी, भात, आमटी, पालेभाजी आणि शेंगा चटणी. शिवाय सणासुदीला कडक भाकरीची ऑर्डर घेते. डब्याच्या धंद्यात अन्न उरतंच. कधी अंदाज चुकतो, कधी पोरं न सांगता गावाला जातात, आणि कडक भाकऱ्यांत तुटकी-फुटकी निघतातच. मागच्या अंगणात चार गावरान कोंबड्या, पाच वनराज आणि एक कोंबडा आहे. कोंबड्याच्या आरवण्यावरून शेजारी अधूनमधून बोलतात. अंडी मात्र त्यांनाच आधी लागतात.

तर तो प्रश्न. एकदा माझ्यापुढं उभ्या असलेल्या गृहस्थांनी २० किलो ज्वारी मागितली. मालकांनी विचारलं, "घरात भाकरी उरती का?"

"उरती की. रोज उरती."

"मग परत ज्वारी कशाला घालता ओ? भाकरी पण ज्वारी, वरून दाणा पण ज्वारी. कोंबडी गोल हुईल नुस्ती, अंडं कुटनं दील?"

गिऱ्हाईक २० किलो ज्वारी मागतंय आणि दुकानदार नको म्हणतोय, हे मार्केट यार्डाच्या आसपास रोज दिसणारं दृश्य नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि त्यामागचा हिशेब अगदी सरळ आहे. ज्वारीत प्रथिनं १०० ग्रॅममागं १० ग्रॅमच्या आसपास. पीठ मळताना पाणी पडतं, म्हणजे भाकरीत त्याहून कमी. शिजलेल्या भातात बहुतेक पाणीच, प्रथिनं २-३ टक्के. पालेभाजीचे देठ, काकडीची सालं, कलिंगडाचा पांढरा भाग यांत ९० टक्क्यांच्या वर पाणी. अंड्यावरच्या कोंबडीला मात्र खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात. म्हणजे आपलं स्वयंपाकघर कोंबडीचं पोट भरतं, पण अंडं घडवायला लागणारा माल त्यात थोडा असतो. त्यावर आणखी ज्वारी किंवा तांदळाची कणी टाकली तर जे आधीच भरपूर आहे तेच वाढतं. वनराज ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन निदेशालयानं परसातल्या पालनासाठी काढलेली जात, अंडी आणि मांस दोन्हींसाठी. तिला भाकरी-भातावर मोकळं सोडलं की अंगावर चरबी चढते आणि अंडी घटतात. गावरान कोंबडी दिवसभर उकिरडा उकरून किडे-मुंग्या वेचते, तिचं थोडंफार भागतं.

माझ्या सासूबाई अक्कलकोटकडच्या. त्या शेणकाला नि जुन्या गोणपाटाचे तुकडे मडक्यात भरून, पाणी शिंपडून मडकं रात्री पालथं घालायच्या. सकाळी आत वाळवी लागलेली असायची आणि पिल्लं तुटून पडायची. प्रथिनं हा शब्द त्यांनी कधी ऐकला नसेल. जुळे सोलापुरात फरशीच्या अंगणात वाळवी धरायला गेले तर दाराच्या चौकटी जातील, म्हणून मला पेंडीच्या दुकानाची वाट धरावी लागते.

आता दुकानातला माल. सगळ्यात जास्त खपते ती सरकी पेंड. सकाळी दूधवाल्यांचे टेम्पो तिच्यासाठीच लागलेले असतात. गाई-म्हशींना ती चालते. कोंबड्यांसाठी मागितली तर मालक देत नाहीत, आणि बरोबर करतात. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. त्यानं अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो, आणि सरकीतल्या तेलानं अंडं साठवल्यावर पांढऱ्याला गुलाबी झाक येते. असं अंडं फोडल्यावर गिऱ्हाईक परत येत नाही. बाजूच्या एका दुकानात मात्र "चालतंय की, पेंड ती पेंड" असं सांगून ती कोंबडीवाल्यांच्या गळ्यात मारताना मी पाहिलंय.

कोंबड्यांच्या कामाच्या पेंडी दोन, शेंगदाण्याची आणि सोयाबीनची. दोन्हींत प्रथिनं ४० टक्क्यांच्या वर. शेंगदाणा पेंडीचा वास आला की माझ्या कोंबड्या कुंपणाला येऊन चिकटतात. पण ह्या पेंडीबद्दल मी फार कडक आहे, आणि दुकान जोखायचं तर ह्याच मालावरून जोखावं. शेंगदाण्याला ओल लागली की बुरशी धरते, आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृतावर जातं. त्याचा शोधच मुळी पक्ष्यांमुळं लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या वर टर्की पक्षी पटापट मेले. आधी कुणाला रोग कळेना. शेवटी माग निघाला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत. हे विष उन्हात वाळवून किंवा तव्यावर परतून नीट जात नाही, त्यामुळं "थोडी बुरशी आहे, ऊन दाखवा" ह्या सल्ल्याला काही अर्थ नाही.

ह्या बाबतीत दुकानाला मी चांगले गुण देते. पोती जमिनीवर नसतात, लाकडी फळ्यांवर असतात, भिंतीपासून हातभर लांब. पेंडीची ढेप मागितली तर मालक समोर फोडून दाखवतात. आतून रंग सारखा असावा, हिरवा-काळा ठिपका नसावा, वास भाजक्या शेंगेचा यावा. कुबट किंवा खवट वास आला तर घेऊ नये. लाकडी घाण्याची पेंड हल्ली सगळीकडं मिळते. तिच्यात तेल जास्त राहतं, त्यामुळं कोंबड्या आवडीनं खातात, पण ती खवटही लवकर होते. सोलापुरात पाऊस कमी, हवा बहुतेक कोरडी, म्हणून आपलं बरं चालतं. तरी जुलै ते सप्टेंबर मी शेंगदाणा पेंड जवळजवळ बंद करते आणि सोयावर भागवते. मालक स्वतःच सांगतात, "पावसाळ्यात शेंगदाणा नको अक्का, सोया न्या." स्वतःचा महाग माल बाजूला ठेवून हे सांगणारा माणूस मला पटतो. नुसत्या नजरेनं आणि वासानं सगळं विष ओळखता येत नाही हेही लक्षात असू द्या. म्हणून एका वेळी थोडीच पेंड घ्यावी, आणि संपल्यावर डबा पुसून, वाळवून मगच नवी भरावी.

माझ्या खरकट्याचा हिशेब ऐकून त्यांनी मला जे मिश्रण करून दिलं ते असं. १० किलोला मक्याची भरड साडेचार किलो, शेंगदाणा पेंड २, सोया पेंड दीड, गव्हाचा कोंडा १ आणि तूर चुनी (तूरडाळ करताना उरणारी कणी-सालं) १. ज्वारी अजिबात नाही, कारण ती भाकरीतून जातेच. ह्या मिश्रणात प्रथिनं साधारण २२ टक्के येतात. एकट्या मिश्रणावर ठेवलं तर ते गरजेपेक्षा जास्त होईल, पण खरकट्यातलं पाणी सोडून निम्मं खरकटं आणि निम्मं हे असं धरलं की गोळाबेरीज १६ च्या आसपास येऊन बसते. ज्यांच्याकडं भात जास्त उरतो त्यांना ते पेंड थोडी वाढवून देतात. घरात खरकटं उरतच नाही, कोंबड्या मात्र हौसेनं ठेवल्यात, अशा माणसाला ते सरळ लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, घ्यायला सांगतात. मलाही ते पटतं. तयार खाद्यात प्रथिनं, कॅल्शियम, जीवनसत्त्वं सगळं मोजून घातलेलं असतं, डोकं चालवायला लागत नाही. अडचण एवढीच की ते ५० किलोच्या पोत्यात येतं. दहा कोंबड्यांच्या घरात ते संपायला दीड महिना लागतो, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेल्या पोत्यातली जीवनसत्त्वं तेवढे दिवस टिकत नाहीत. हे दुकान मॅश सुटी देतं, पण पोतं कधी फोडलंय ते विचारून घ्या.

पैशाचं सांगते. मी शेवटचं घेतलं तेव्हा मका भरड २८ रुपये किलो, शेंगदाणा पेंड ५२, सोया ४८, कोंडा आणि चुनी २६ होती. १० किलोचं मिश्रण भरडणावळीसकट ३७० रुपयांच्या आत बसलं. रोज अर्धा किलो घालते, म्हणजे १८-१९ रुपये. कोंबड्या जोरात असतात तेव्हा रोज ५-६ अंडी मिळतात. गावरान अंड्याला आमच्या कॉलनीत १२ रुपये सहज देतात. नुसत्या विकतच्या खाद्यावर ठेवलं असतं तर एका पक्ष्याला ११० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दहांना किलोभराच्या वर लागलं असतं आणि खर्च दुपटीच्या पुढं गेला असता. धंदा म्हणून हे काही नाही. पण फेकायला जाणारी भाकरी अंड्याच्या रूपानं परत येते, हा आनंद वेगळाच.

मका का घालायचा, ज्वारी का नको, ह्याला दुसरंही कारण आहे. पांढऱ्या ज्वारीत पिवळा रंग नसतो. आपली मालदांडी कितीही गोड असली तरी तिच्यावर पोसलेल्या कोंबडीचा बलक फिक्कट निघतो, आणि गिऱ्हाईक लगेच म्हणतं, "अंडी गावरान नाहीत." पिवळ्या मक्यानं बलकाला रंग येतो. त्याहून जास्त येतो हिरव्या पाल्यानं. शेवग्याचा पाला, मेथीची देठं, बाजारात गड्डीनं मिळणारा लसूणघास. माझ्या दारात शेवगा आहे, त्यामुळं मला पाला विकत घ्यावा लागत नाही. आणि मालदांडी ३५-१ हे मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेलं वाण, मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पिकणारं. आजच्या भावात ती कोंबड्यांपुढं ओतणं म्हणजे सोन्याच्या ताटात शेण कालवणं. हुरड्याच्या दिवसांत कणसं खाऊन झाल्यावर जी चिपाडं उरतात तेवढीच ज्वारी त्यांच्या वाट्याला येते, आणि ती त्या एकेक दाणा टिपून साफ करतात.

मालकांनी भरड किती जाड ठेवायची हे मात्र सांभाळावं. कोंबडीला दाणेदार खाद्य लागतं. पिठासारखं बारीक झालं की चोचीला चिकटतं, वाऱ्यानं उडतं, आणि त्या मका-मका वेचून पेंड तळाशी ठेवतात. म्हणजे जिच्यासाठी पैसे मोजले तीच वाया. गर्दीच्या दिवशी त्यांचा पोरगा घाईत चक्की बारीक सोडतो. समोर उभं राहून "रव्यापेक्षा जाड" असं सांगायला लागतं. मी तर अशी बारीक भरड सरळ ताकाच्या पाण्यात भिजवून लगद्यासारखी देते, त्यात सगळं पोटात जातं. फक्त भिजवलेलं तासाभरात संपलं पाहिजे. आपल्या हवेत दुपारपर्यंत ते आंबतं.

शिंपल्यांचा चुरा ही त्या दुकानातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू. १५ रुपये किलो. अंड्याचं कवच म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. भाकरी-भातात ते नावालाच असतं. कोंबडी काही दिवस स्वतःच्या हाडांतून काढून देते, मग कवच पातळ होतं, मग बिनकवचाचं लिबलिबीत अंडं पडतं, आणि त्यानंतर कोंबडी लंगडायला लागते. चुरा खाद्यात मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. जिला लागतो ती खाते, आणि ती बहुतेक संध्याकाळी खाते, कारण कवच रात्री तयार होतं. कोंबड्याला आणि वाढत्या पिल्लांना एवढं कॅल्शियम नको, त्यांच्या मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून पिल्लांना लेयर मॅशही घालायचं नाही. त्यांच्यासाठी स्टार्टर वेगळं मिळतं. घरातली अंड्याची टरफलंही मी वापरते. तव्यावर कोरडी भाजायची आणि हातानं चुरून बारीक करायची. अख्खी टाकली तर कोंबडीला अंडं फोडायची चटक लागते, आणि ती चटक सुटत नाही.

चुऱ्याबद्दल तक्रार आहे. पोत्यात तळाला निम्मी भुकटी असते. कोंबडीला खडे हवे असतात. ते पेट्यात (दाणा दळणाऱ्या पोटात) थांबतात आणि हळूहळू विरघळत राहतात. भुकटी लगेच पुढं निघून जाते. "वरचं द्या" म्हटलं की देतात, पण दर वेळी का म्हणायचं? एक चाळण ठेवली तर काम होईल.

खरकट्यातलं काय घालू नये ह्याबद्दल मालकांना नीट माहिती आहे, आणि ह्या एका बाबतीत मी त्यांच्याशी वादही घातलाय. त्यांचं म्हणणं, तिखट अजिबात नको. माझ्या कोंबड्या सांडलेली शेंगा चटणी पुसून खातात. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. आपल्या जिभेला जे झोंबतं ते त्यांना कळत नाही. खरा त्रास मिठाचा आहे. चटणीतलं, लोणच्यातलं, पापडातलं मीठ जास्त गेलं की त्या पाणी पीत सुटतात आणि विष्ठा पातळ होते. म्हणून उरलेली आमटी मी भाकरीवर ओतून देत नाही. भाकरी साध्या पाण्यात भिजवते. कांद्याची पातही नको आणि कांद्याची सालंही नकोत. मार्केट यार्ड जवळ म्हटल्यावर सडका कांदा फुकट मिळतो आणि लोकांना मोह होतो, पण कांद्यानं पक्ष्याचं रक्त बिघडतं, शिवाय अंड्याला वास लागतो तो वेगळाच. चहाचा चोथा, बटाट्याची हिरवी साल, कच्ची कडधान्यं, तळणीचं उरलेलं तेल, हे सगळं बाद. बुरशी आलेली भाकरी पण बाद. "कोंबडीला काही होत नाही" म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी वर टर्कीचं लिहिलंय ते परत वाचावं.

सुकटही तिथं मिळते, एका डब्यात झाकून ठेवलेली. पेंडीच्या प्रथिनांत मेथिओनिन नावाचा एक घटक कमी पडतो, तो सुकटीतून मिळतो, आणि पिसं गाळण्याच्या दिवसांत मूठभर सुकटीचा चांगला उपयोग होतो. पण घेण्याआधी एक तुकडा जिभेवर ठेवून बघा. खारट लागली तर परत डब्यात टाका. आणि रोज घालू नका, अंड्याला मासळीचा वास येतो. शाकाहारी गिऱ्हाइकांना अंडी देणाऱ्यांनी तर जपूनच. हो, आमच्याकडं अंडं खाणारे शाकाहारी आहेत.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण खाद्य किती चांगलं आहे ह्यापेक्षा ते कधी घातलं ह्याला सोलापुरात जास्त महत्त्व आहे. पारा ४२ च्या वर गेला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते. तिला घाम येत नाही, धापेनंच अंग निववते. त्या धापेत शरीरातून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि कवच तयार व्हायला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. म्हणून मे महिन्यात चुरा भरपूर असूनही कवच पातळ निघतं. लगेच दुकानदाराला दोष देऊ नका. पचन म्हणजे पोटात आणखी उष्णता, म्हणून मी पहाटे ६ च्या आत मिश्रण घालते, दुपारी फक्त कलिंगडाच्या गार फोडी आणि काकडी, आणि ऊन उतरल्यावर परत थोडं खाद्य. पाणी खापराच्या परळात, सावलीत, दिवसातून दोन-तीनदा बदलून. एरवी एक कोंबडी पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात दुप्पट. आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं, त्यामुळं कोंबड्यांसाठी वेगळी घागर भरून ठेवते. कोंबड्यांना घालायला अझोलाचं टाकं करा म्हणून मालक मागं लागले होते. पाण्यासाठी पिंप मोजणाऱ्या शहरात मी शेवाळासारख्या वनस्पतीसाठी टाकं भरून ठेवू का? तो सल्ला मी बाजूला ठेवला.

तसंच डिसेंबरात अंडी घटली की लोक खाद्य बदलायला धावतात. पूर्ण जोमानं अंडी द्यायला कोंबडीला १४ तासांच्या वर उजेड लागतो, आणि त्या दिवसांत आपल्याकडं दिवस ११ तासांचा असतो. खाद्य तेच राहू द्या.

दुकानातली जी गोष्ट मला अजिबात आवडत नाही ती म्हणजे गल्ल्यामागचं फळकूट. त्यावर टॉनिकच्या बाटल्या आणि प्रतिजैविकांच्या पुड्या असतात. कुणी "कोंबडी मरगळली" म्हटलं की पुडी हातात. रोग कुठला, मात्रा किती, अंडी किती दिवस खायची नाहीत, काही सांगत नाहीत. खाद्याबद्दल एवढं विचारून देणारा माणूस औषधाबद्दल असं करतो ह्याचं आश्चर्य वाटतं. औषधासाठी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पिल्लं लहान असतानाच देऊन घेतली तर त्या पुड्यांची वेळ कमी येते.

दुसरं, पोती. पोल्ट्रीवरून परत आलेल्या रिकाम्या पोत्यांत ते माल भरून देतात. अशा पोत्यांतून रोग घरी येऊ शकतो. महाराष्ट्राला २००६ साली नवापूरच्या बर्ड फ्लूनं शिकवलं, तरी ही सवय गेली नाही. मी घरून धुतलेली पिशवी नेते आणि त्यांच्या पोत्याला हात लावत नाही. तुम्हीही न्या. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे काट्यावर पोत्याचं वजन मालात धरलं जात नाही.

वेळेचं म्हणाल तर दुपारी १ ते ४ शटर खाली असतं. सकाळी लवकर दूधवाल्यांची गर्दी असते. ११ च्या सुमारास गेलात तर मालक मोकळे असतात आणि बोलतात. मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी, ज्या भाषेत विचाराल त्या भाषेत. कांद्याच्या हंगामात, डिसेंबर-जानेवारीत, त्या रस्त्याला ट्रकांच्या रांगा लागतात. त्या दिवसांत रविवार बघून जा किंवा महिन्याचं आधीच भरून ठेवा. पैसे फोनवरून चालतात. बिल मागितलं तरच मिळतं.

चुरा ५ किलोच्या खाली देत नाहीत. दहा कोंबड्यांना तो तीन-चार महिने पुरतो. आमच्या गल्लीत तिघींकडं कोंबड्या आहेत, आम्ही एक पिशवी आणून वाटून घेतो. एकट्यानं पाळत असाल तर ५ किलोच घ्या. तो नासत नाही, फक्त झाकून ठेवा, नाहीतर मांजर त्यात घाण करतं.